पित्तावर तूप

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की नवऱ्याच्या पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन होईपर्यंत तेल-तूप बंद. म्हणून मी वांगं गॅसवर भाजलं, लसूण-मिरची तव्यावर कोरडीच भाजून ठेचली, वर कोथिंबीर आणि लिंबू. पहिल्याच भाकरीला आमचे हे बोटं चाटायला लागले.

तेवढ्यात खर्डा गावाहून आलेल्या माझ्या नणंदेनं, साळूबाईनं, ताटात डोकावलं. बाई स्वतःच्या मते अर्धी डॉक्टरच!

"तेलाचा थेंब न्हाई? बन्सीला पित्त झालंय ना? पित्तावर तूपच लागतं!"

"वन्सं, हे ते पित्त न्हाई. खडे हायेत."

"मग तुपानं विरघळतील की!"

आणि वाटीभर तूप भरितावर ओतलं. सगळं ठाऊक असून आमचे हे मुकाट्यानं भुरके मारत राहिले.

दुपारी पोट धरून लोळायला लागले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?"

"हिनं केलेलं भरीत," हे कण्हले. वन्संनी लगेच मान डोलावली.

डॉक्टरांनी कापसाचा बोळा घेतला आणि आधी ह्यांच्या मिशीवरचं तूप पुसलं.