सगळ्यांच्या मागून चालणारा बास

"गौरम्मा, तुझ्या नवऱ्याचा खोकला काय बरा न्हाय बघ," नळावर हंडा भरता भरता शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या होत्या. "दिवसभर गिरणीत कापसाची धूळ गिळायची आन् सांजच्याला त्यो भोपू फुकायचा. एका छातीला दोन कामं झेपत न्हाईत गं."

"तंबाकूचा खोकला वो त्यो, आत्या," गौरम्मा हसून म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं ऐकतीय मी."

मित्रांनो, त्या ज्याला भोपू म्हणाल्या तो मी. बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य. मला बास म्हणतात. आता मी पुरता जुना झालो आहे. पोटाला पोचे आले आहेत आणि एक कळ दाबली की वर येत नाही. पण माणसाचा श्वास मला ओळखता येतो. गोजरबाईंना जे बाहेरून ऐकू आलं होतं, ते मला आतून रोज ऐकू येत होतं.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. पलटणीच्या बँडमध्ये मी उमेदीची वर्षं काढली. मग नवा बास आला आणि मी मोडीत निघालो. फिरत फिरत सोलापुरात एका मोडीच्या दुकानात येऊन पडलो. दुकानदार माझ्या कर्ण्यात गंजके खिळे साठवायचा. तिथं गौरम्माच्या नवऱ्यानं, धोंडप्पानं, मला पाहिलं. एकोणीसशे बावीस-तेवीसचं साल असेल. तो गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता. रोज कामावर जायची सायकल त्यानं दुकानदाराच्या हवाली केली आणि मला खांद्यावर घालून चाळीत आणलं.

गौरम्मानं कपाळावर हात मारला. "सायकल दिवून घागर आणली! आन् तीबी दोन्हीकडनं भोकाची!"

धोंडप्पाला शिकवणारं कुणी नव्हतं. अक्षरओळख नव्हती, मग कागदावरचे सूर कुठून वाचणार? पहिले कित्येक दिवस तो गाल फुगवून नुसता फुंकत राहिला. माझ्यातून वारा जायचा, सूर निघायचा नाही. चाळ हसून हसून दमली. एकदा गोजरबाईंच्या मांडीवरचं तान्हं नातवंड ओठ मिटून 'फुर्र' करत थुंकी उडवत होतं. त्या म्हणाल्या, "आरं, ह्याच्यासारकं कर की! चूल फुकतोस व्हय?"

धोंडप्पानं ओठ मिटून थरथरवले, आणि माझ्या पोटातून असा सूर निघाला की फळीवरची भांडी किणकिणली. बाळ दचकलं आणि मग खुदकन हसलं. गौरम्मानं तोंडाला पदर लावला. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच कळलं नसावं. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या घरातला तिसरा झालो. ती मला चिंचेनं घासायची आणि पावसाळ्यात तिचं जुनं लुगडं माझ्यावर पांघरायची.

धोंडप्पा कानानं शिकला. भजनाला जाऊन वीणेचा सूर मनात धरून यायचा आणि माझ्यात शोधायचा. दोन वर्षांनी आण्णांनी त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं. आण्णा म्हणजे बँडमास्तर, जिभेचे तिखट. ते म्हणाले, "धोंडप्पा, चुकलास तरी चालंल, पण थांबू नगंस. तू थांबलास की समद्यांचे पाय अडखळत्यात."

बास वरातीत सगळ्यांच्या मागं चालतो. शाबासकी पुढच्या क्लॅरिनेटला मिळते. धोंडप्पाला त्याचं काही वाटत नसे. गड्ड्याच्या जत्रेत लहान मुलं मुद्दाम माझ्याजवळ येऊन उभी राहायची आणि "पोटात वाजतंय, पोटात वाजतंय!" म्हणून ओरडायची. तेवढ्यावर तो वर्षभर खूश असायचा.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्या घरात नुकतंच कुणी गेलं असेल, त्या घरापुढून वाजवत जायचं नाही. वरातीच्या दिवशी धोंडप्पा दुपारीच त्या वाटेनं एक चक्कर मारून यायचा, कट्ट्यावरच्या बायकांना विचारून घ्यायचा. मग वरातीत असं घर जवळ आलं की तो मला थांबवायचा. बास थांबला की ढोल थांबायचा आणि ढोल थांबला की सगळा बँड. मान खाली घालून सगळे पुढं जायचे. बास पुन्हा बोलला की वाजवायला लागायचे. इतक्या वर्षांत कुणी मागं वळून "का थांबलास?" असं विचारलं नाही. धोंडप्पावर तेवढा भरवसा होता.

अशी दहा-बारा वर्षं गेली आणि त्याचा श्वास आखूड होत गेला. लांब सूर तो मधेच तोडू लागला. एकदा ढोलवाल्या सिदूच्या कानाशी लागून म्हणाला, "सिदू, जरा जोरात बडीव की. माझं झाकून जाईल."

"म्हातारा झाला व्हय तुमचा रेडा?" सिदूनं मला टपली मारली.

"रेडा दांडगा हाय रं. हाकणारा दमलाय," धोंडप्पा हसला आणि खोकत बसला. "घरी बोलू नगंस. बास सोड म्हनंल ती."

त्या वैशाखात साखर पेठेत वरात होती. गल्ली अरुंद म्हणून घोडा आणि वऱ्हाड पुढं काढलं, बँड मागून शिरला आणि धोंडप्पाचा श्वास माझ्या आत येता येता थांबला. तो एका ओट्याला टेकला, मग खाली बसला. मी रस्त्यावर पडलो. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

बास थांबला. ढोल थांबला. सगळा बँड थांबला.

आणि मित्रांनो, ते सगळे मान खाली घालून पुढं गेले. वऱ्हाडी बायका बोलायच्या थांबल्या. एकीनं शेजारच्या बंद दाराकडं बघून हात जोडले. घोड्यावरच्या नवऱ्या मुलानंही मान लववली. कुणीच मागं पाहिलं नाही. गल्ली संपेपर्यंत त्यांनी त्याच्या सुराची वाट पाहिली.

"कुनाचं घर हुतं रं?" कोपऱ्यावर आण्णांनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा कुठे सिदूनं वळून पाहिलं आणि गळ्यातला ढोल टाकून तो धावत सुटला. पण तोवर उशीर झाला होता.

सिदूनंच मला घरी आणलं. गौरम्मानं त्याला एकच विचारलं, "शेवटाला कोन हुतं त्यांच्याजवळ?" सिदूनं मला कोपऱ्यात टेकवलं आणि तो तसाच बाहेर पडला.

या गोष्टीला आता तीन पावसाळे झाले. आण्णांनी मला मागितलं, तिनं दिलं नाही. ती विड्या वळते. गोजरबाई लेकाकडे जेऊरला राहायला गेल्या, तेव्हापासून तिच्याशी बोलणारं कुणी नाही. दोन-चार दिवस तीही खोकते आहे. काल दिवे लागल्यावर ती अंथरुणावर पडली ती आज ऊन घरात आलं तरी उठलेली नाही. दाराला आतून कडी आहे. शेजाऱ्यांना वाटतं, रात्री उशिरापर्यंत विड्या वळल्या असतील, म्हणून झोपली आहे. तिचा श्वास मला इथून ऐकू येतो, फार हळू आणि मधे मधे थांबून.

मी कितीही मोठा असलो तरी फुंकणारं कुणी नसेल तर मला हाक मारता येत नाही. मित्रांनो, तुम्ही बाहेर अंगणात गोट्या खेळता आहात. खेळ जरा थांबवा. शेवटच्या खोलीचं दार वाजवा. तिनं ओ दिली नाही, तर परत जाऊ नका.