तबकातलं धान

केशोरावांनी मूठभर धान ओव्हनच्या तबकात पसरलं, बोटानं सारखं केलं आणि तबक आत सरकवलं.

"रविता, ये बरं. काचेतून पाह्य."

सून हातातलं काम ठेवून आली. त्यांची मुलगी ओमेश्वरी शेजारीच उभी होती. नागपूरच्या कॉलेजात ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. दोन्ही ओव्हनची तुलना करणारा तीन पानांचा तक्ता तिनं करून आणला होता. त्यावर आता चहाचा कप होता.

दवनीवाड्याच्या या शेडमध्ये मोटारपंपाच्या स्टार्टरचे सर्किट बोर्ड बनत. आजवर एकेक सांधा रविता हातानं सोल्डरचा डाग देऊन जोडायची. आता सगळे एकदम जोडणारा रीफ्लो ओव्हन घ्यायचा होता. दुकानदारानं दोन पाठवले होते. पारखून एक ठेवायचा, दुसरा परत करायचा.

"मामाजी, उजव्या कोपऱ्यात लाह्या फुटून राहिल्या. डावीकडं धान तसंच हाये."

"मंग? ठेवायचा का हा?"

"कायले ठेवता? अर्धा बोर्ड कच्चा निघन."

केशोराव खळखळून हसले. ओमेश्वरीच्या सुवर्णपदकाच्या दिवशीही ते असे हसले नव्हते.

"बाबूजी, मशीन धानानं पारखतेत का?"

"कागद खोटं बोलते, बाई. धान नाही बोलत."

तिनं कप उचलला, तक्त्याची घडी केली, पर्समध्ये घातली. दुपारी निघाली तेव्हा ते फाटकापर्यंत मागे आले.

"दुसऱ्या मशीनचं धान पाहून जा न, ओमू."

"रविता हाये न," ती म्हणाली, आणि ऑटोत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासता घासता, केशोराव गेले.

तेरवी झाली. दुकानदाराचा फोन आला. रवितानं दुसऱ्या ओव्हनचं तबक बाहेर ओढलं आणि धानाचा डबा ओमेश्वरीपुढे धरला.

"ताई, तुमी टाका."

"तूच टाक. तुलेच विचारत होते ते."

"मले कोठचं येत होतं? मामाजीनंच शिकवलं. म्हणत, आमची ओमू सात वर्साची होती तवा मायच्या तव्यावर धान टाके, अन् तवा कोणत्या बाजूनं जास्त तापते ते सांगे. कितीदा सांगितलं असन. दरवेळी हसत."

ओमेश्वरीला तो तवा आठवेना. तिनं डबा घेतला. धान पसरलं, बोटानं सारखं केलं, तबक सरकवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग मध्ये एक लाही फुटली, आणि पाठोपाठ चारही कोपऱ्यांत.

तिला सगळी काच मिळावी म्हणून रविता थोडी बाजूला सरकली.

"त्या दिवशी मी तुयावर जळत होती, रविता," काचेवरची नजर न काढता ओमेश्वरी म्हणाली. "आताही जळून राहिली. माही गोष्ट त्यायनं तुले सांगितली. मले नाही."