डोळ्याला लागलेला पाझर

मी एक जुनी रक्तवाहिनी आहे. केसाहून बारीक. भारतच्या उजव्या डोळ्यातल्या मागच्या पडद्यावर माझं घर. कान शेजारीच, म्हणून बोलणंही कळतं.

मी एक जुनी—

थांबा, मित्रांनो. मी मध्येच तुंबते. रक्त पुढे सरकलं की सांगते.

भारत लहान होता तेव्हा मीही लहान होते. धर्मापुरीकडच्या त्यांच्या घरी ज्वारीची भाकरी असे. कधी हुलग्याचं माडगं, कधी रानातला तांदुळजा, जवसाची चटणी. त्या जेवणावर माझी भिंत मऊ राहिली. पडद्याला त्याचा वाटा पोचायचा आणि भारतला लांबच्या बाभळीवरची सुगरणीची घरटी दिसायची. लोक म्हणत, पोराची नजर लई तेज हाय. माझं नाव कोणी घेतलं नाही.

मग तो सहकारी साखर कारखान्याच्या टँकरवर ड्रायव्हर झाला. दुष्काळात तो टँकर वस्त्यांवर पाणी नेई. पाणी आणणाऱ्याला कोरडं परत पाठवायचं नाही, ही तिकडची रीत. जाईल तिथे चहा. पाणी घोटभर, साखर मात्र ओंजळभर, कारण सभासदांना मिळणारी कारखान्याची साखर घरोघरी पोत्यात होती. त्याच्या बायकोने, चतुराबाईने, बांधून दिलेली भाकरी संध्याकाळी तशीच घरी येई.

"अवो, आजबी तशीच आणली?"

"प्वाट चहानंच भरलं. न्हाई म्हणलं तर बाया रुसतेत."

"मंग त्यांच्याकडंच ऱ्हावा की मुक्कामाला!"

चाळिशी उलटली. रक्त गोड, जड येऊ लागलं. माझी भिंत ठिसूळ झाली, एका जागी फुगली. आणि दुखलं काहीच नाही. आमच्या दुखण्यातलं हेच वाईट.

केजच्या डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकला. जन्मात पहिल्यांदा मला कोणी पाहिलं.

"शुगर फार वाढलीय, भारतराव. मागच्या पडद्यातल्या नसा पाझरायला लागल्यात. खाणं बदला, गोळ्या घ्या, नाहीतर नजर जाईल."

भारत हसला. "पाझर लागला म्हंजी बरंच की, सायेब! आमच्या हिरीला कवा लागतो म्हून लोक वाट बघतेत."

मित्रांनो, आमच्या मुलखात पाझर हा शब्द ऐकला की माणसं पेढे वाटतात. तिथेच घात झाला. भारत वस्तीवस्तीवर तो विनोद सांगत फिरला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या आणि हसता हसता त्यांनी चहा ओतला.

मी एक—

फुटले.

दिंद्रुडच्या पुढच्या वस्तीवर. विहिरीत पाणी सोडायला भारत टँकर मागे घेत होता. उजव्या आरशात आधी काळे धागे उतरले, मग शाई सांडल्यासारखं झालं. ती शाई म्हणजे मी. चाक कठड्यावर चढलं, टँकर कलंडला, सगळं पाणी मुरमात गेलं. घागरी घेऊन उभ्या बाया मागे सरल्या.

म्हातारी दगडाबाई पुढे आली. "भारता, येवढा कठडा दिसला न्हाई व्हय रं?"

"उजवीकडं समदं काळंच हाय, मावशे. कठडा कुठं हाय?"

या वेळी कोणी हसलं नाही.

टँकरची चावी आता दुसऱ्याकडे आहे. भारत ओट्यावर बसून असतो. चतुराबाई समोर ठाण मांडते आणि भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी संपल्याशिवाय उठत नाही. चहा साऱ्या घरालाच बिनसाखरेचा. गोळ्याही चालू आहेत. मला आता त्याचा उपयोग नाही. माझ्या भोवतीचा पडदा विझला.

पण डाव्या डोळ्यात माझी बहीण आहे. तीही जुनी, तीही ठिसूळ, पण अजून धरून आहे. तिच्याच भरवशावर भारतला चतुराबाईचं तोंड दिसतं.

मित्रांनो, तुमच्या आईवडिलांच्या डोळ्यांतही आम्ही आहोत. त्यांच्या ताटाकडे बघत जा. दुष्काळी मुलखात असं कोणी मागत नसेल, पण मी मागते: माझ्या बहिणीला पाझर लागू नये. ती कोरडीच राहू दे.