जॅसिन्टाच्या दातांमधला मी

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी दुसऱ्याच्या तोंडात आयुष्य काढलेली वस्तू आहे. खेळताना दातांना मार लागू नये म्हणून घालतात तो माउथगार्ड, म्हणजे मी. एके काळी हिरवागार होतो. आता माझा रंग कुठला म्हणावा, ते माझं मलाच कळत नाही.

कारखान्यातून आम्ही सगळे सारखेच निघालो, गुळगुळीत आणि बिनचेहऱ्याचे. माझं खरं रूप घडलं ते कूरामिन गावच्या क्लबाच्या स्वयंपाकघरात. संघाची देखभाल करणाऱ्या मेरलबाईने मला उकळत्या पाण्यात टाकलं, चिमट्याने बाहेर काढलं, आणि समोरच्या उंच बाईला म्हणाली, "चाव. आणि जरा वेळ गप्प बस. जमेल का तुला?"

तिने मला असं कचकचून चावलं की तिचा पुढचा वाकडा दात माझ्यात कायमचा उमटला. ती जॅसिन्टा डूली. त्या दिवसापासून मी फक्त तिचा. दुसऱ्या कुणाच्या तोंडात मी बसूच शकत नाही.

लहानपणी जॅसिन्टा भावांबरोबर लंबगोल चेंडूचा हा फुटबॉल खेळायची, आणि भावांपेक्षा बरा खेळायची. ती मोठी होऊ लागली तसं क्लबाने सांगितलं, आता पुरे, मुलींनी नेटबॉल खेळावा. मग कितीतरी हिवाळे तिने भावांच्या सामन्यांत पाण्याच्या बाटल्या वाहिल्या. गावात बायकांचा संघ उभा राहिला तेव्हा ती एका मुलीची आई होती. "इतकी वर्षं दुसऱ्यांना पाणी पाजलं, आता मी पिणार," असं म्हणून ती मैदानात उतरली.

काय दिवस होते ते! ती तिघींच्या वर उडी मारून चेंडू हवेतच झेलायची. गोल झाला की मैदानाभोवती उभ्या केलेल्या गाड्यांमधून लोक भोंगे वाजवायचे. समोरच्या संघातल्या पोरी डिवचायच्या, "काकू, गुडघे घरी विसरलात वाटतं?" जॅसिन्टा म्हणायची, "इथेच आहेत. तुझ्या बरगडीत दाखवू का?" मी तोंडात असल्यामुळे शब्द निम्मेच बाहेर पडायचे, पण अर्थ पोचायचा. एकदा साप्ताहिकात तिचा मोठा फोटो छापून आला. ती हसत होती, त्यामुळे फोटोत दिसलो मीच. त्या आठवड्यात मी जरा हवेतच होतो.

पण मला एका गोष्टीची कायम धास्ती वाटायची. तिची जिवलग मैत्रीण लीॲन संघातली सगळ्यात चपळ खेळाडू होती. एका सामन्यात तिच्या डोक्याला मार लागला. उठली, म्हणाली, मी ठीक आहे, आणि खेळत राहिली. थोड्या वेळाने पुन्हा तिथेच लागलं. त्यानंतर तिला उजेड सोसेना, आवाज सोसेना. शाळेतली नोकरी सुटली. सामन्याच्या दिवशी ती मैदानाच्या कडेला गाडीत बसायची, काचा वर करून, कानात बोळे घालून. जॅसिन्टाचंही असंच होईल, हीच ती धास्ती.

आमच्या संघाने अजिंक्यपद कधीच जिंकलं नव्हतं. ज्या वर्षी आम्ही पुन्हा अंतिम सामन्यात पोचलो, त्या वर्षी जॅसिन्टाने जाहीर केलं, हा माझा शेवटचा सामना.

सामन्याच्या चार भागांपैकी तिसरा संपत आला होता. आम्ही थोडेसे मागे होतो. चेंडू उंच आला. जॅसिन्टा मागे मागे पळत गेली, उडाली, चेंडू झेलला, आणि कुणाचा तरी खांदा तिच्या जबड्याखाली बसला. मी माझं काम चोख केलं. तिचा एकही दात हलला नाही. ती उठली, गोल केला, भोंगे वाजले. पण मला काहीतरी भलतंच जाणवलं. एरवी मला कचकचून चावणारे ते दात आज माझ्यावर नीट टेकतही नव्हते.

विश्रांतीत सगळ्याजणी संत्र्याच्या फोडी खायला जमल्या. मेरलने जॅसिन्टाच्या डोळ्यांत पाहिलं. "आपण कुठल्या मैदानावर आहोत?"

"जिथे शिळे मटण-पॅटिस विकतात त्या."

"मागचा गोल कुणी केला?"

"मी. दुसरं आहे कोण इथे करणारं?"

सगळ्या हसल्या. उत्तरं बरोबर होती. मला ओरडायचं होतं, पण ते मला जमत नाही. मी तिच्या मुठीत होतो. खेळ सुरू व्हायची वेळ झाली आणि तिने मला तोंडात घातलं, उलटं. मी टोचलो. तिने मला बाहेर काढलं आणि निरखून पाहिलं.

"हा माझा नाहीये," ती म्हणाली. "लीॲनचा असेल. लीॲन कुठाय? अजून मैदानात उतरली नाही का?"

कुणी हसलं नाही. मेरलने मला तिच्या हातातून घेतलं आणि सरळ स्वतःच्या खिशात टाकलं. आमच्याकडे माउथगार्डशिवाय मैदानात पाऊल टाकता येत नाही.

प्रशिक्षक टेरी धावत आला. "मेरल, ती गंमत करतेय. शेवटचा भाग राहिलाय फक्त. ती नसेल तर हरलो आपण."

"लीॲनच्या वेळीही आपण हेच बोललो होतो, टेरी. तू आणि मी."

जॅसिन्टाने तिला ढकललं. "म्हातारे, दे माझा! जन्मभर मला या मैदानाबाहेर ठेवलं, आता तूही काढतेस?"

मेरलने खिशात माझ्यावर मूठ आवळली. ती जागची हलली नाही. तिने जॅसिन्टाला लीॲनच्या गाडीत नेऊन बसवलं आणि शेजारच्या गावाहून रुग्णवाहिका मागवली.

मेरलही मला खिशात घेऊन आत शिरली आणि आम्ही काचा बंद करून बसलो. बाहेर सामना संपल्याचा भोंगा झाला आणि समोरच्या संघाच्या लोकांच्या गाड्या वाजू लागल्या. लीॲनने कानांवर हात दाबून धरले.

"कोण जिंकलं?" जॅसिन्टाने विचारलं.

"ते. एका गुणाने."

जॅसिन्टा हमसून हमसून रडली. मग डोळे पुसले, बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "कोण जिंकलं?"

लीॲनने पुन्हा सांगितलं. जॅसिन्टा पुन्हा तितकीच रडली, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. थोड्या वेळाने तिने तिसऱ्यांदा विचारलं. लीॲनने तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं.

"आपण," ती म्हणाली. "शेवटचा गोल तू केलास."

"खरंच?"

"खरंच."

जॅसिन्टा हसली आणि शांत झाली. मेरल खिडकीकडे तोंड करून बसली होती.

मित्रांनो, जॅसिन्टा त्यातून बरी झाली. पुन्हा खेळली मात्र नाही. आता मी क्लबाच्या स्वयंपाकघरात एका बरणीत धूळ खात पडलो आहे, त्याचं मला फार वाईट वाटत नाही. माझं एकच मागणं आहे. दात सांभाळायला मी आहे, पण डोकं सांभाळायला माणूसच लागतो. तुमच्यातलं कुणी धडपडत उठून "मी ठीक आहे" म्हणालं, तर त्याचं ऐकू नका. त्याला हाताला धरून बाहेर आणा. तो चिडेल, वाट्टेल ते बोलेल, बोलू द्या.

जॅसिन्टा अजूनही मेरलशी धड बोलत नाही. परवाच आली होती, माझ्या बरणीशेजारी उभी राहून चहा केला आणि मेरलकडे न बघता निघून गेली. किती वर्षं झाली, ती काही विसरलेली नाही. मेरलने तिचा कप धुतला आणि म्हणाली, "सगळं आठवतंय पोरीला. बरं झालं."