बोटांना सुट्टी

माझ्या भाचीला घरात सगळे खडी म्हणतात. हे नाव तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने ठेवलं. ती चौथीत असताना तो एकदा तिचं दप्तर उचलायला गेला आणि त्याच्या कमरेत चमक भरली. दप्तरात पुस्तकं दोन आणि दगड अठरा. "ही मुलगी आहे की खडीचा ट्रक?" तो म्हणाला. तेव्हापासून तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं आणि पुढे पासपोर्टपुरतं उरलं.

त्या दगडांनीच तिला पुढे नेलं. माझं घर विद्यापीठाजवळ, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली, ती पीएच.डी. होईपर्यंत राहिली. सहा वर्षं. परदेशातल्या एका संस्थेने तिला बोलावलं तेव्हा ते पत्र तिने आधी मला वाचून दाखवलं आणि मग बापाला फोन केला. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

"पोस्टडॉक म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"शिकून झाल्यावर पुन्हा शिकायचं. फक्त आता पगार देतात."

"मग हरकत नाही."

व्हिसाची फाइल आम्ही दोघींनी मिळून केली. निमंत्रणपत्र, पदव्यांचे दाखले, विम्याचा कागद, दोन्ही कान दिसणारे आणि अजिबात न हसणारे फोटो. मी एकतीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात काढली आहेत. कागदाची चळत कशी ठोकायची, कड कशी जुळवायची, हे मला कुणी शिकवायला नको. खडी म्हणाली, "आत्या, ही फाइल बघून ते मला नाही, तुलाच बोलावतील." फाइलमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. घोटाळा झाला तो जिथे कुणी बघितलंच नव्हतं तिथे.

व्हिसा केंद्रात पिशवी आत नेऊ देत नाहीत, म्हणून मी बरोबर गेले होते. पहिल्या मजल्यावरच्या बोळात एका बाकावर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसले. आतून माणसं बाहेर येत होती आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर परीक्षा संपल्याचा भाव होता. पाऊण तासाने खडी आली. दोन्ही हात काखेत घातलेले, थंडी वाजत असल्यासारखे.

"काय झालं?"

"बोटं लागली नाहीत."

तिथे एका काचेवर हात ठेवून ठसे घेतात. आधी उजव्या हाताची चार बोटं, मग डाव्याची चार, मग दोन अंगठे. खडीच्या दहापैकी तीनच बोटांचे ठसे यंत्राने घेतले. खिडकीवरच्या मुलीने तिला हात पुसायला लावले, ओल्या फडक्याने दाबून बघितले, शेवटी साहेबांना बोलावलं. साहेबांनी तिची बोटं उजेडात धरली.

"मॅडम, तुम्ही काम काय करता?"

"दगड घासते," खडी म्हणाली. त्यांना वाटलं, ही चेष्टा करतेय.

ठशांशिवाय अर्ज पुढे जात नाही. त्यांनी तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार दिला आणि त्याआधीची एकही वेळ रिकामी नाही म्हणाले. तिकडे रुजू व्हायची तारीख पुढच्या महिन्याची पंधरा. तिकडच्या प्रमुख बाई सज्जन, पण त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं की पंधरापर्यंत आली नाहीस तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावी लागेल. म्हणजे तो मंगळवार हा एकच मंगळवार होता.

घरी आल्यावर मी तिचा हात हातात घेतला आणि बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. साबणाच्या जुन्या वडीसारखी होती. माझ्यासारखी.

मला हे आधी सुचायला हवं होतं. आमच्या कारखान्यात छापलेले मोठे कागद घड्या घालून जुळवायचे असत. दिवसभर बोटांखालून कागद जात असे, आणि कागद मऊ दिसतो पण सावकाश घासत राहतो. पाच-सहा वर्षांत आम्हा बायकांची बोटं गुळगुळीत झाली. तेव्हा त्याचं कुणाला काय वाटणार? उलट आमच्या मोठ्या बाई, ज्यांच्या हाताखाली मी शिकले, त्या नव्या मुलीची बोटं तपासून म्हणायच्या, "अजून रेघा आहेत. अजून कच्ची आहे." पुढे पेन्शनसाठी अंगठ्याचं यंत्र आलं, आणि मी जिवंत आहे हे त्याला पटेना. दरवर्षी मला कागदावर लिहून द्यावं लागतं की ही मीच आहे.

"आता हे परत येतं का?" खडीने विचारलं.

"तुझ्या वयात येतं. काम थांबवलं तर."

त्वचेच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मलम दिलं आणि म्हणाले, तीन आठवडे बोटांना सुट्टी. भांडी नाही, साबण नाही, दगड तर मुळीच नाही.

खडी डॉक्टरांसमोर मान हलवत होती, पण मला माहीत होतं ती मनात काय मोजत होती. नऊ दगड बाकी होते.

ते साधे दगड नव्हते. जमिनीत खोल भोक पाडून काढलेले, नाण्याएवढे तुकडे, प्रत्येक वेगळ्या खोलीवरचा, दुसरा मिळणार नाही असा. ते काचपट्टीवर चिकटवून इतके पातळ घासायचे की त्यांतून उजेड आरपार जावा. केसाच्या निम्म्याएवढी जाडी. त्या नऊ काचा बरोबर घेऊन जायच्या होत्या. तिकडचं सगळं काम त्यांच्यावरच होतं. पूर्वी विद्यापीठात हे करायला एक काका होते. ते निवृत्त झाले, जागा भरलीच नाही. पाच वर्षं जाहिरात निघतेय. मधल्या काळात खडीचा हात चांगला म्हणून सगळ्या विभागाच्या काचा तिच्याकडे येऊ लागल्या, आणि तिला नाही म्हणता येत नाही. काचेच्या जाड तक्त्यावर ओली कुरुंदाची भुकटी पसरायची, त्यावर काचपट्टी बोटांनी दाबून गोल गोल फिरवायची. पट्टीबरोबर बोटंही घासली जातात. चार वर्षं.

"काकांना विचार ना," मी म्हटलं.

"त्यांचा हात आता कापतो."

"तुझ्या विभागातल्या सरांना?"

"सर? सर साधी बशी धुताना फोडतात."

"मग मी घासते."

ती हसली. मग मी हसत नाही हे बघून थांबली.

"आत्या, तुला नाही जमणार ते."

"माझ्याकडे घासून जाण्यासारखं काही उरलेलं नाही. मला सांग, या घरात दुसरं कोण आहे असं?"

दोन दिवस वाद चालला. तिसऱ्या दिवशी ती विभागातून काचेचा तक्ता, भुकटीचे तीन डबे आणि सरांनी दिलेला जुना सूक्ष्मदर्शक घेऊन रिक्षाने घरी आली, आणि ते सगळं जिन्याने मी वर चढवलं, कारण तिला काही उचलू देणार नाही अशी माझी अट होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तक्ता मांडला. खडी शेजारी स्टुलावर बसली, हातात पांढरे सुती मोजे, आणि हात हलवून मला डावी-उजवी सांगू लागली. अगदी चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखी.

"दाब कमी. अजून कमी. आत्या, कणीक तिंबत नाहीयेस तू."

"पोलीस, शिट्टी वाजवा, म्हणजे कळेल."

सुरुवातीला तिने मला रस्त्यावरच्या फुटक्या दगडांवर सराव करायला लावला. पाच दिवस. मग खरे दगड दिले. थोडं घासायचं, धुवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. दगडातली गारगोटी पिवळी-केशरी दिसली तर अजून जाड. करडी झाली की थांबायचं. पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला ती नुसतं "हं" म्हणाली, आणि मला मोठ्या बाईंची आठवण झाली. त्याही फार खूश असल्या की एवढंच म्हणायच्या.

बाकी वेळ तिच्या बोटांना मी काही म्हणजे काही करू देत नव्हते. ती चमच्याने जेवायची. तिचे केस मी विंचरायचे, वेणी मी घालायचे. तीस वर्षांची डॉक्टरेट झालेली मुलगी माझ्यासमोर पाठ करून बसायची आणि म्हणायची, "ओढू नकोस गं." शाळेत असतानाही सुट्टीला माझ्याकडे आली की असंच म्हणायची. खरं सांगायचं तर ते तीन आठवडे माझ्या बाजूने अजून थोडे लांबले असते तरी चाललं असतं.

पाचव्या दगडाच्या वेळी तिच्या बापाचा फोन आला. ती बोलायला बाहेरच्या खोलीत गेली. मी घासत होते. फोनवर तो तिला विचारत असावा की ताई काय करतेय, कारण खडी म्हणाली, "दगड घासतेय," आणि मग बराच वेळ हसण्याचा आवाज. मीही हसले. हसता हसता हात चालू राहिला. पट्टी उचलून धुतली तर काच स्वच्छ. पलीकडचा नळ दिसत होता. दगड नव्हताच.

खडी आली. तिने पट्टी दोन्ही बाजूंनी बघितली. मग ती हलकेच ओट्यावर ठेवली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी दुपारी जरा पडले होते. उठून स्वयंपाकघरात आले तर ओट्यावर मोजे काढून ठेवलेले, आणि खडी उघड्या हातांनी सहावा दगड घासत होती.

"ठेव ते खाली."

"आत्या, हे पुन्हा मिळत नाहीत. कुणीतरी सहाशे मीटर खोलातून काढलेत ते."

"आणि तुझी बोटं किती वेळा मिळणार आहेत? मंगळवार किती वेळा येणार आहे?"

"बोटं नाही उमटली तर माझं नुकसान. दगड गेले तर सगळ्यांचं."

"सगळ्यांचं करत बसलीस म्हणून ही वेळ आली," मी म्हणाले. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. ती थांबली. नळ चालूच होता.

मी तिचे हात पाण्याखाली धरले, भुकटी धुतली, टॉवेलने टिपले. मग म्हटलं, "चुकले मी. डोळ्यांवर भरवसा ठेवला. तू बाजूला असलीस की तुझ्या डोळ्यांवर, नसलीस की माझ्या. मला एक पक्की झालेली काच दे. तुझ्या हातची, सगळ्यांत चांगली."

तिने दिली. मी डोळे मिटून काचेवरून नखाची कड हळूच दगडाकडे सरकवली. जिथे काच संपून दगड सुरू होतो तिथे एक बारीकशी पायरी असते. बोटाला कळत नाही, नखाला कळते. साठ ग्रॅमचा कागद की सत्तरचा, हे आम्ही गठ्ठ्याच्या कडेला नख लावून सांगायचो. मोठ्या बाई तर बोलता बोलता सांगायच्या. एकतीस वर्षांचं ते एवढंसं ज्ञान. कारखाना बंद पडल्यावर त्याचा कुणाला उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

"पुन्हा दे," मी म्हटलं. दहा वेळा, वीस वेळा ती पायरी नखाला शिकवली.

सहावा दगड मी न बघता घासला. मध्ये मध्ये नख लावायचं, पुन्हा घासायचं. थांबले आणि पट्टी तिच्यापुढे धरली. तिने मोजे घातले, सूक्ष्मदर्शकात बघितलं. काच फिरवून पुन्हा बघितलं.

"करडी," ती म्हणाली. "आत्या, हिच्यात बोलायला जागाच नाही." मग थोड्या वेळाने, "कारखान्यात मोठ्या बाईंना तुम्ही सगळ्या काय म्हणायच्या? नुसतं बाई?"

"नुसतं बाई."

उरलेले तीनही निघाले. हरवलेल्या दगडाचं खडीने तिकडच्या बाईंना लगेच लिहून कळवलं, कुणी घासला तेही. सरांनी आठ काचा एकेक करून बघितल्या आणि विचारलं, "कुणी केल्या?" तिने सांगितल्यावर म्हणाले, "आत्याबाईंना म्हणावं, आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. आणि पाचव्या दगडाचं मनाला लावून घेऊ नका. मी स्वतः असे किती दगड घासून पुसून टाकले ते विभागात कुणाला सांगितलेलं नाही."

मंगळवारी सकाळी तिने बोटं खिडकीपाशी धरली. मला चष्मा लावूनही नीट दिसेना. काही तरी होतं, काही तरी नव्हतं. मी तिचे हात माझ्या हातात घेऊन बघितलं असतं, पण माझ्या बोटांना आता तेवढं कळत नाही.

पुन्हा तोच बोळ, तोच बाक. मांडीवर तिची पिशवी. त्या दिवशी आठ काचांची लाकडी पेटीही तिने पिशवीत कोंबली होती, घरी ठेवायचा धीर होईना म्हणून. पिशवी चांगलीच जड होती. गेले तीन आठवडे पिशव्या मीच उचलत होते. समोरच्या दारातून एक जोडपं आलं, मग एक पोरगेलासा इंजिनियर, मग बराच वेळ कुणीच नाही. मी मनात मोजत होते: चार, मग चार, मग दोन.

दार उघडलं. खडी आली. चेहऱ्यावरून काही कळेना; ती लहानपणापासून तशीच आहे. सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि वाकून तिने माझ्या मांडीवरची पिशवी उचलली, मोजा न घालता, मुठीत घट्ट धरून.

"जड आहे गं," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली. "दहाही लागली. चल. रिक्षात बसल्यावर माझी वेणीही मीच घालणार आहे."