लाल झाकणाची बाटली

माझ्या नाकावर राग असतो, हे करमाडात कुणालाबी विचारा. गिऱ्हाईकं एकमेकांना सांगतात, कडुबा मिस्त्रीकडं गाडी टाका, पण त्याला काही विचारू नका. मला याचं लई कौतुक होतं. त्या रविवारी सकाळी दहा वाजेपर्यंत तरी होतं.

दौलताबादजवळ डोंगराच्या पायथ्याला एका पडीक रानात स्पर्धा होती. माझी पोरगी संध्या उतरली होती. ट्रायल्स म्हणतात त्याला. बिनसीटची हलकी गाडी, उभ्या उभ्या चालवायची, खडकावर चढवायची अन् तिथून खाली टाकायची. पाय टेकला की गुण कापतात. अन् टप्प्याभोवतीच्या दोरीच्या आत बाहेरचं माणूस घुसलं तर सगळा टप्पाच बाद. कंपनीतल्या पाळ्या सांभाळून पोरीनं वर्षभर यासाठी जीव काढला होता.

तिचा नंबर आला तसा मी एक पाना जवळ असावा म्हणून सोबत आणलेली नूरभाईची हत्यारांची पिशवी उघडली. हाताला बाटली लागली. लाल झाकणाची, गळ्यापर्यंत भरलेली.



नूरमोहम्मद माझा गॅरेजमधला भागीदार, बावीस वर्षांपासूनचा. पुढच्या शॉकअपचं काम आलं की आमचा एक नियम हाय. पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, म्हणजे फोर्कचे पाय; डावा पाय माझा, उजवा त्याचा. तेल अडवणारं रबरी सील ज्याचं त्यानं बदलायचं, तेल ज्याचं त्यानं ओतायचं. दुसऱ्याच्या पायाला हात लावायचा नाय. एकदा दोघांनी एकाच पायात तेल ओतलं होतं अन् नवं सील तिसऱ्या दिवशी फुटलं, तवापासूनचा हा नियम. तेल मोजायला लहान लेकरांच्या दुधाच्या दोन बाटल्या हायेत, कडेला माप असलेल्या. माझ्या बाटलीचं झाकण निळं, त्याच्या बाटलीचं लाल.

संध्याच्या गाडीचं काम आम्ही शुक्रवारी केलं होतं. मग लाल बाटली भरलेली कशी?

फोन लावला. नूरभाई पिशोरला, पाहुण्यांकडं.

"नूरभाई, उजव्या पायात तेल टाकलंस ना?"

"मी कुठं? तूच टाकलं ना, कडुभाऊ. मी बाटली भरून जुम्म्याच्या नमाजला गेलो, आलो तर पायावरची टोपी बसवलेली होती."

झालं. टोपी मीच बसवली होती. त्या दुपारी वारं सुटलं होतं, रस्त्याची धूळ सरळ आत येत होती. उघड्या पायात माती जाईल म्हणून वरची टोपी नुसती फिरवून ठेवली. नंतर मी जालन्याला पार्ट आणायला गेलो. आलो तर गाडी पुसून उभी.

"अरे पण मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर अंगावर आला असतास. मला वाटलं, घाईत नियम मोडला असेल, बाटली परत भरून ठेवली असेल. मी टोपी आवळली, विषय संपवला."

फोन कानाला होता अन् खाली संध्यानं पहिल्या खडकावरून गाडी टाकली. कमरेएवढाच खडक तो. पण पुढून आवाज आला, खट्ट, लोखंडावर लोखंड. लोक टाळ्या वाजवत होते. तो आवाज त्यांना कळत नाय, मला कळतो. आत तेल नसलं की शॉकअप धक्का झेलत नाय, सरळ तळाला बसतो.

पुढचा खडक दीड माणूस उंच होता. खाली सगळे धोंडे. तिथून पुढचं चाक आपटलं अन् शॉकअप बसला, की गाडी जागच्या जागी थांबणार अन् पोरगी हँडलवरून डोक्यावर जाणार. हेल्मेट असलं तरी मान ती मानच.

मी हाका मारल्या. इंजिनच्या आवाजात कोण ऐकतंय. ती खडकावर चढली, माथ्यावर थांबली, तोल धरला. मी पळालो. एक चप्पल वाटेतच राहिली. दोरी ओलांडली तसं पंचांनी शिट्टी मारली. मी खडकाच्या बुडाशी जाऊन, चाक जिथं पडणार होतं, नेमकं तिथं उभा राहिलो.

संध्यानं ब्रेक दाबला. वरून माझ्याकडं पाहिलं. पंचांनी पाच बोटं दाखवली, टप्पा बाद. तिचे डोळे भरले. मागच्या उतारानं गाडी खाली आणली.

दगडावर गाडी टेकवून पुढचं चाक उचललं अन् मी उजव्या पायाची टोपी खोलली. स्प्रिंग वर ओढली. तिच्यावर बोट फिरवलं. नुसता ओशटपणा, तेलाचा थेंब नाय.

संध्यानं बी बोट फिरवलं. मग तिनं त्या उंच खडकाकडं पाहिलं, खालच्या धोंड्यांकडं पाहिलं अन् हळूहळू खाली बसली. ती मला आता बोलणार, असं मला वाटलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पप्पा," ती म्हणली, "सकाळी गाडी उतरवल्यावर मी तुम्हाला काय म्हणले होते?"

मला आठवत होतं. "पुढून लई मऊ लागतंय, म्हणलीस."

"मग तुम्ही काय म्हणलात?"

मी म्हणलो होतो, मिस्त्री तू हायेस का मी? गपचूप गाडी चालव.

तिच्यासमोर ते परत माझ्या तोंडून निघालं नाय. मी लाल झाकण उघडलं अन् बाटली तिच्या हातात दिली.