भरका

"विनीता, माती आधी पाण्यात घाल, मग नकाशात." जबलपूरला अधारतालच्या शेतकी कॉलेजात माती शिकवणारे मुरलीधर सर मला हे इतक्यांदा सांगत की मुली त्यांच्यामागे तेच गुणगुणायच्या.

बरगीच्या जलाशयाकाठची जमीन कुठे कच्ची, कुठे पक्की, हे ठरवायचं काम आता आमच्या सर्वेक्षण कार्यालयाकडे आहे. तिथल्या एका उतारावर सरपंच शकुबाईंनी खटपटीने शाळा मंजूर करवून आणली होती. नकाशात उतार हिरवा, म्हणजे पक्का. रंग भरला होता पुण्याहून नुकत्याच आलेल्या शैलेंद्रने. गावकरी त्याला म्हणाले, "ये तो भरका है, साहब." त्याच्या मराठी कानांनी ऐकलं, भर घातलेली, भरीव जमीन. इकडे भरका म्हणजे पाण्याने चिरत जाणारी घळीची जमीन. जलाशय भरला-उतरला की ढासळणारी.

मी जाऊन माती आणली, शैलेंद्रला चूक दाखवली. शाळेच्या जागेची बैठक दुपारची होती. आमचे मोठे साहेब, भय्यासाहेब, यांनी ती ऐनवेळी सकाळी घेतली. चातुर्मासात नर्मदामैयासाठी दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं.

"ताई, आजच्या दिवस सोडा ना," शैलेंद्र कुजबुजला. "नर्मदामैया काहून रागावेल?" 'कशाला'साठी इकडचं 'काहून' त्याने तेवढ्यात उचललं होतं.

मी खुणेनेच दोन ग्लास पाणी मागवलं. एकात पलीकडच्या काठाचं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात उताराचं. पहिलं बसून राहिलं. दुसरं भुरभुरलं, आणि बघता बघता पाण्याचा दुधाळ चहा झाला.

भय्यासाहेब ग्लासावर वाकले. "ये तो बताशा निकला."

मग शैलेंद्रने उठून आपली 'भरीव' गफलत सगळ्यांना सांगितली. लोक हसले, तोही हसला. नकाशात उतार तिथल्या तिथे लाल, म्हणजे कच्चा, झाला. माझे ओठ मिटलेले, पण आत आरतीची झांज वाजत होती. भिंती उभ्या राहण्याआधीच पोरं वाचली होती.

बैठकीला आलेल्या शकुबाई मात्र हसल्या नाहीत. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "ठीक किया, दीदी. पर बच्चे तो पेड़ के नीचे ही रह गए."

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. त्या शेजारी बसल्या. बाराचा भोंगा झाला.

"पक्की जगह मैं ढूँढूँगी," मी म्हणाले. "वचन रहा."

त्यांनी कधी, ते विचारलं नाही. मी डबा न उघडताच पिशवीत टाकला, माती काढायचं गिरमिट खांद्याला लावलं आणि बरगीच्या बसकडे चालू लागले.